भाव ठेवणे आणि भाव करणे

मराठीत ‘भाव’ हा शब्द देवळातही चालतो आणि बाजारातही. देवावर भाव असतो, ज्वारीला भाव असतो. ‘भाव तेथे देव’ म्हणणारा माणूस देवळाच्या पायरीवरच नारळाचा भाव करतो आणि त्यात काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. सोलापुरात सुताच्या दुकानात हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे यातला दुसरा भाव मला आधी कळला. पहिल्याचा शोध मी रात्री, दुकान बंद झाल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पोथ्या आणि पुस्तकांतून घेत राहिलो. महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही, तेव्हा पांडित्याचा दावा नाही. जे वाचले, तपासले आणि माझ्याच जिल्ह्यात जाऊन पाहिले, ते येथे मांडतो.

प्रश्न साधा आहे. देवावर पूर्ण भरवसा असणे म्हणजे नेमके काय, आणि अर्धामुर्धा विश्वास कशाला म्हणायचे? कीर्तनात याचे उत्तर झटकन मिळते : पूर्ण विश्वास असणाऱ्याला देव तारतो, अर्धवट विश्वास असणारा बुडतो. पण आपल्या संतकथा नीट वाचल्या तर उत्तर इतके सरळ नाही. आणि योगायोग असा, की या प्रश्नाची सगळी महत्त्वाची उदाहरणे मला सात रस्त्यावरून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या टापूत सापडली : सोलापूर, मंगळवेढा आणि पंढरपूर.

शब्द काय सांगतात

आधी शब्द पाहू. ‘श्रद्धा’ हा शब्द ‘श्रत्’ आणि ‘धा’ यांपासून झाला आहे. ‘धा’ म्हणजे ठेवणे. ‘श्रत्’चे नाते भाषाशास्त्रज्ञ हृदयाशी जोडतात, आणि लॅटिनमधले ‘क्रेडो’ हे क्रियापदही याच कुळातले मानतात. म्हणजे श्रद्धा ही मुळात डोक्यात पटलेली गोष्ट नसून कुठेतरी काळीज ठेवण्याची क्रिया आहे. ‘विश्वास’ शब्दात ‘श्वास’ उघडच दिसतो. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, धास्ती वाटत नाही, त्याच्यावर विश्वास. ‘निष्ठा’ शब्दात ‘स्था’ आहे, उभे राहणे. म्हणजे जागा न सोडता उभे राहणे. आणि ‘संशय’ शब्दात ‘शी’ आहे, म्हणजे पडून राहणे. दोन्ही बाजू मनात घेऊन पडून राहिलेला तो संशयी.

हे शब्द शेजारीशेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. यांतला एकही शब्द ‘आपल्या मनासारखे घडेल याची खात्री’ असा अर्थ सांगत नाही. काळीज ठेवणे, मोकळा श्वास घेणे, जागेवर उभे राहणे, या सगळ्या माणसाच्या बाजूच्या क्रिया आहेत. देवाने बदल्यात काय करावे याचा उल्लेख त्यांत नाही. व्यवहारात मात्र आपण ‘देवावर विश्वास आहे’ म्हणतो तेव्हा बहुधा ‘काम होईल’ असे म्हणायचे असते. घोटाळ्याची सुरुवात इथेच होते.

प्रश्नाला धार कुठून आली

हा घोटाळा शब्दापुरताच राहिला असता तर मी एवढा मागे लागलो नसतो. आमच्या गल्लीत यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, माळकरी, एकादशी न चुकवणारे. साखरेचा आजार जुना. एका सत्संगात त्यांना कोणीतरी सांगितले, ‘गोळी घेता म्हणजे देवावर अर्धाच विश्वास आहे तुमचा. सोडा आणि बघा.’ त्यांनी गोळ्या सोडल्या. चार महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पायाबद्दल काही विचारले नाही. म्हणाले, ‘तुम्ही पोथ्या वाचता म्हणून विचारतो. माझा विश्वास कुठं कमी पडला का हो?’

पाय गेला होता, आणि वर अपराधही त्यांच्याच माथी होता. ज्याने सल्ला दिला तो मोकळा, देवही मोकळा. कमी पडला तो यांचा विश्वास. विश्वासाची ही व्याख्या अशी आहे की तिच्यात माणूस कधीच जिंकू शकत नाही. आपल्या परंपरेत ती खरोखर आहे का, हे तपासावे असे मला वाटले.

सोन्नलिगेचा मुलगा

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम. त्या काळी हे गाव सोन्नलिगे म्हणून ओळखले जाई. सिद्धरामांचे चरित्र राघवांक या कन्नड कवीने लिहिले आणि त्यातली एक कथा सोलापुरात लहान मुलालाही ठाऊक असते. शेताची राखण करणाऱ्या मुलासमोर एक जंगम येतो. मुलगा त्याला हुरडा देतो. पाहुणा म्हणतो, पोटात आग पडली, दहीभात हवा. मुलगा घरी धावत जातो, दहीभात घेऊन येतो, तर पाहुणा नाही. त्याला हाका मारत तो यात्रेकरूंबरोबर श्रीशैलापर्यंत जातो आणि तिथेही मल्लय्या भेटत नाही तेव्हा कड्यावरून उडी घ्यायला निघतो. तेवढ्यात मल्लिकार्जुन त्याचा हात धरतो.

ही कथा बहुधा ‘पूर्ण विश्वास ठेवला म्हणून देव भेटला’ अशी सांगतात. पण कथेतला मुलगा काही मागायला निघालेला नाही. भुकेल्या पाहुण्याला द्यायचे राहून गेले, ही त्याची तळमळ. तो घेणेकरी म्हणून श्रीशैलाला गेला नाही, देणेकरी म्हणून गेला. हिशेबाच्या वहीत हा फरक फार मोठा असतो.

सिद्धरामांच्या चरित्रात पुढे आणखी एक प्रसंग आहे, आणि तो माझ्या विषयाला जास्त जवळचा आहे. मोठे झाल्यावर त्यांनी सोन्नलिगेत तळे खोदवले, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. आजही गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या आसपास नंदीध्वज या अडुसष्ट लिंगांना भेट देतात. अशा या कर्तबगार माणसाकडे अल्लमप्रभू आले. कन्नडमधल्या ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात ही भेट सविस्तर आली आहे. अल्लमप्रभूंनी सिद्धरामांना दगडमाती उपसणारा वड्डर म्हणून हिणवले. रोख स्पष्ट होता : देवळे आणि तळी बांधून पुण्य साठवतोस, आणि भरवसा देवावर ठेवतोस की त्या साठ्यावर? सिद्धराम आधी संतापले, मग निवळले, आणि अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला बसवेश्वरांच्या मंडळीत गेले. तिथे चन्नबसवण्णांकडून त्यांना दीक्षा मिळाली.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तळे कोणी बुजवले नाही. तळे चुकीचे नव्हते; लोकांची तहान त्यानेच भागत होती. चुकीचा होता तो तळ्याच्या जोरावर देवाशी व्यवहार मांडणारा मनाचा कोपरा. म्हणजे बाराव्या शतकातच, आपल्या गावात, एक निदान झाले होते : प्रयत्न सोडणे म्हणजे पूर्ण भाव नव्हे, प्रयत्नाचे बिल देवाला पाठवणे थांबवणे हा पूर्ण भाव.

दामाजीपंतांची पावती

मंगळवेढा हे ज्वारीचे गाव. काळी, खोल जमीन, रब्बीची ज्वारी. कलचुरींच्या काळी ते राजधानीचे ठिकाण होते; बसवेश्वरही आधी तिथेच बिज्जलाच्या सेवेत होते. पुढे बहामनी अमलात तिथे दामाजीपंत अधिकारी होते. दुष्काळ पडला, माणसे मरू लागली आणि दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले. बीदरच्या दरबारात चुगली पोहोचली, त्यांना पकडून न्यायला शिपाई आले. तेवढ्यात विठू महार नावाचा एक माणूस दरबारात हजर झाला, त्याने धान्याची सगळी किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांना आपल्या गीतेच्या पोथीत सापडली. महिपतींच्या ‘भक्तविजय’ या १७६२ सालच्या ग्रंथामुळे ही कथा घरोघरी गेली.

ही कथा लहानपणापासून ऐकत आलो होतो. हिशेबनीस झाल्यावर ती पुन्हा वाचली तेव्हा तीन गोष्टी नव्याने दिसल्या.

पहिली : कोठारे उघडताना दामाजीपंतांना आपल्याला वाचवले जाईल असे कोणी सांगितलेले नाही. उलट कथेत त्यांची समजूत अशी आहे की आपला जीव जाईल, पण बाकीचे जगतील. भरवसा होता तो ‘मी वाचेन’ असा नव्हता. ‘हे करणे योग्य आहे, पुढचे देवाकडे’ असा होता. दोन वाक्यांत अंतर थोडे दिसते, पण त्या अंतरातच आपला सगळा विषय सामावला आहे.

दुसरी : दामाजीपंतांनी पणाला लावले ते स्वतःचे डोके. दुसऱ्याचे नाही. धान्य सरकारचे होते हे खरे, आणि हा गुन्हा होता हेही खरे. त्याची शिक्षा आपल्यालाच भोगायची आहे, हे जाणून त्यांनी तो केला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. कथेतला देव कर्ज बुडवत नाही. तो बादशहाची बुद्धी फिरवू शकला असता, दप्तर जाळू शकला असता. तसे होत नाही. तो येतो, पूर्ण रक्कम मोजतो आणि रीतसर पावती घेतो. लोकांनी ही कथा शतकानुशतके सांगताना एक शहाणपण जपले : देवावर भरवसा आहे म्हणून जगाचा हिशेब चुकवता येत नाही. धान्य गेले तर त्याची किंमत कोणीतरी भरावी लागते. रोगाचेही तसेच, औषधाचेही तसेच.

आणि तो येतो कोणाच्या रूपात? महाराच्या. याच गावात, याच कथेच्या आधी साधारण शंभर वर्षांपूर्वी, आणखी एक मृत्यू झालेला होता.

चोखोबांची तक्रार

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली वेठीला लावलेले मजूर चिरडले गेले. त्यांत चोखामेळा होते. परंपरेने हे साल शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मानले जाते. नामदेवांनी मंगळवेढ्याला येऊन ढिगाऱ्यातल्या हाडांतून विठ्ठलाचे नाम ज्यातून ऐकू येत होते ती हाडे चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी कथा आहे. ती समाधी देवळाबाहेर आहे. आयुष्यभर जिथे थांबावे लागले, तिथेच.

‘पूर्ण विश्वास ठेवणाऱ्याला देव तारतो’ हे सूत्र घेऊन इथे उभे राहून पाहावे. दामाजीपंत वाचले, चोखोबा भिंतीखाली गेले. मग चोखोबांचा विश्वास कमी होता का? असे म्हणण्याची हिंमत आजवर एकाही कीर्तनकाराची झालेली नाही. म्हणजे सूत्रच चुकीचे आहे. परंपरेने हाडांतून नाम ऐकू आल्याची कथा सांगितली, भिंत अधांतरी थांबल्याची नाही. सुटका हा भावाचा पुरावा नाही, हे या कथेने मान्य केले आहे.

दुसरे असे की चोखोबांचा भाव मुकाट नव्हता. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाला थेट जाब विचारलेला आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा याचा स्वर तर आणखी कडवा आहे; हीन कुळात जन्म देऊन मग आम्हाला दूर का ठेवलेस, असे तो देवालाच विचारतो. नामदेव देवाशी भांडतात, जनाबाई त्याला शिव्या घालतात. तुकोबांनी दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर आणि वह्या इंद्रायणीत गेल्यावर देवाच्या दारात धरणेच धरले. तक्रार म्हणजे अविश्वास, असे आपल्या संतांनी कधी मानले नाही. ज्याच्याशी नाते नाही त्याच्याशी माणूस भांडत बसत नाही. शंका, राग, जाब हे सगळे पूर्ण भावाच्या पोटात बसते. याच तुकोबांनी नवसाने संतती मिळते या समजुतीची मात्र उघड टर उडवली आहे. भांडण चालते, सौदा चालत नाही, असा हा विवेक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. चोखोबांच्या भावाची थोरवी गाताना त्यांना बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेवर आपोआप पांघरूण पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० साली सत्याग्रह सुरू केला, पुढे १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तरीही अस्पृश्यतेच्या उगमावरचा १९४८ सालचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबांची वाट सोडूनही त्यांचा आदर करता येतो, हे त्या अर्पणपत्रिकेने दाखवून दिले.

घागरीतला देव

आता अर्ध्या विश्वासाकडे येऊ. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मला नवस बोलणाऱ्या गरीब बाईत सापडले नाही. ते सापडले पंढरपुरात, १९४७ साली, धर्माचे रक्षण करायला निघालेल्या माणसांत.

साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून आधी कित्येक महिने महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केले. गांधीजींचा गैरसमज झाला, उपोषण सोडण्याविषयी त्यांची तार आली; गुरुजी ठाम राहिले. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य होऊन उपोषण सुटले. या काळात काही कर्मठांनी, अस्पृश्यांच्या स्पर्शाआधी मूर्तीतले देवत्व मंत्राने काढून पाण्याच्या घागरीत ठेवले, अशी हकिकत पंढरपूरविषयीच्या लेखनात वारंवार येते.

या हकिकतीचा आपण बहुधा जातीच्या अंगाने विचार करतो, आणि तो केलाच पाहिजे. पण श्रद्धेच्या अंगानेही ती पाहावी. घागर भरणाऱ्यांची समजूत काय होती? देव आहे, पण तो माणसाच्या हाताने विटाळतो. तो स्वतःला सांभाळू शकत नाही. त्याला आपण सांभाळायचे. ज्याला आपणच हलवतो, झाकतो आणि वाचवतो त्याच्यावर काळीज कसे ठेवणार? रोज पूजा, रोज सोवळे, आणि मुळात भरवसा नाही. बाहेरून कडकडीत दिसणारी ही श्रद्धा आतून अर्धीसुद्धा नव्हती. उलट मठात अन्नावाचून पडलेल्या गुरुजींचा भरवसा असा होता की चोखोबांच्या वारसांनी मिठी मारली तर विठ्ठल कमी होणार नाही.

कोणी विचारील, उपोषण हाही सौदाच नाही का? आहे, पण तो माणसांशी होता. देवापुढे गुरुजींनी अट ठेवली नव्हती. अट होती ती दार अडवून बसलेल्या समाजाला.

पायऱ्या

मग नवस करणारे सगळे अर्धवट ठरतात का? येथे गीता मदतीला येते. सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात सापडलेला आणि काही हवे म्हणून आलेला, दोघांनाही त्या यादीत जागा आहे, आणि चौघांनाही भगवंत थोरच म्हणतात. ज्ञानी सर्वांत जवळचा एवढेच. बाराव्या अध्यायात तर उतरती शिडीच लावून दिली आहे. मन पूर्ण ठेवता येत नसेल तर अभ्यास कर. तोही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही जमत नसेल तर निदान फळ सोड. अर्ध्या भावाला हाकलून लावलेले नाही, त्याला पाय ठेवायला पायरी दिली आहे.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत याच प्रश्नावरून दोन पंथ झाले. वेदान्त देशिकांना मानणारे वडकलै म्हणतात, भक्त माकडाच्या पिलासारखा असावा; आई उडी मारते, पण पिलाने आपले हात घट्ट धरायला हवेत. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे तेंकलै म्हणतात, मांजराच्या पिलासारखा असावा; आई तोंडात धरून नेते, पिलाने काही करायचे नाही. पण मांजराच्या पिलाने अंग सैल सोडावे एवढेच तेंकलै सांगतात. त्याने मुद्दाम विहिरीत उडी मारून आई येते का पाहावे, असे कोणीच सांगत नाही.

इतर धर्मांतही हेच दिसते. इस्लामी परंपरेतल्या एका हदीसमध्ये एकजण प्रेषितांना विचारतो, उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवून मोकळा सोडू? उत्तर येते, आधी बांध आणि मग भरवसा ठेव. ख्रिस्ती शुभवर्तमानांत मार्काने एका आजारी मुलाच्या बापाची गोष्ट सांगितली आहे. तो येशूपुढे एकाच दमात कबूल करतो की माझा विश्वास आहे आणि जिथे तो नाही तिथे तूच मदत कर. त्याला परत पाठवले जात नाही. मुलगा बरा होतो. अर्धा विश्वास प्रामाणिकपणे पुढे ठेवला तर तो अपुरा ठरत नाही.

हे सगळे एकत्र केल्यावर मला काही कसोट्या दिसतात. जिथे अट आहे, ‘तू हे कर, मग मी मानीन’, तिथे भाव ठेवलेला नसतो, भाव केलेला असतो. जिथे देवाला जपावे लागते तिथे भरवसा नसतो. जिथे दुसऱ्याचा जीव पणाला लागतो तिथे तो कितीही पूर्ण दिसला तरी उधारीचा असतो. आणि शंका, भीती, तक्रार, औषध, तळे खोदणे, उंट बांधणे यांपैकी कशानेही भाव अर्धा होत नाही.

या कसोट्या आमच्या गल्लीतल्या गृहस्थांना लावून पाहिल्या. त्यांना सांगितले गेले ते ‘सोडा आणि बघा’. या ‘बघा’मध्येच सगळे आले. गोळी सोडणे हा नवसच होता, फक्त नारळाऐवजी स्वतःचे शरीर बोललेला. सल्ला देणाऱ्याने पूर्ण भरवशाच्या नावाखाली त्यांना सर्वांत महागडा सौदा करायला लावला, आणि वर सौदा फसल्याचा दोष त्यांच्याकडे दिला. रोज सकाळी गोळी घेऊन, माळ घालून एकादशी धरत होते तेव्हाच त्यांचा भाव पूर्ण होता. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग मंगळवेढ्याची गोष्ट पुन्हा सांगा म्हणाले. पावतीची.

बसमधून गेलेल्या पादुका

हाच प्रश्न अलीकडे साऱ्या महाराष्ट्रापुढे एकदम उभा राहिला. २०२० साली करोनाची साथ आली, मार्चमध्ये पंढरपूरचे मंदिर दर्शनाला बंद झाले आणि आषाढीची पायी वारी झाली नाही. ३० जून २०२० रोजी, दशमीला, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपुरात आल्या. १ जुलैला एकादशी झाली. दुसऱ्या वर्षीही पादुका बसनेच गेल्या. तेव्हा काहींनी म्हटले, साथीला भिऊन वारी थांबवणारे कसले वारकरी? पूर्वीच्या पिढ्या पटकीच्या साथीतही चालल्या.

वारी हे वारकऱ्याचे व्रत. ते मोडणे ही लहान गोष्ट नाही. तरीही लाखो वारकरी घरी राहिले, आणि माझ्या मते त्या वर्षी त्यांनी फार अवघड वारी केली. कारण चालण्यात धोका फक्त स्वतःचा नव्हता. वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाच्या गावाचा, जेवण वाढणाऱ्या प्रत्येक घराचा होता. दामाजीपंतांनी स्वतःचे डोके पणाला लावून लोकांना जगवले. दुसऱ्यांची घरे पणाला लावून आपला नेम राखणे, हा त्याच्या नेमका उलटा व्यवहार झाला असता. विठ्ठल आपल्याशिवाय खोळंबणार नाही आणि आपल्यावर रुसणारही नाही, असा विश्वास असल्याशिवाय माणूस आषाढात घरी बसू शकत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कोजागिरी नुकतीच होऊन गेलेली असेल. त्या रात्री सोलापूरचा रस्ता तुळजापूरकडे वाहत असतो. सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, कित्येकजण अनवाणी. त्यांत नवस फेडायला निघालेले असतात, नवस बोलायला निघालेले असतात, मित्रांबरोबर हौसेने निघालेले असतात, आणि काहीही न मागता दरवर्षी जाणारेही असतात. पुष्कळांच्या पोटात हे चारही प्रकार एकाच वेळी असतात. वाटेवर जागोजागी चहा, केळी, पाणी घेऊन लोक उभे असतात आणि त्यांच्यापैकी कोणीही हात पुढे करणाऱ्याला विचारत नाही की तू यांतला कोणता.